जुन्या संचातला तिसरा पॅक

सक्करदरा, नागपूर
१८ ऑक्टोबर १९८७

प्रिय चारू,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र परवा पोचलं. तू, कृष्णकांत आणि बाळ पुण्यात रुळलात, बाळाला तिथलं पाणी मानवलं, हे वाचून बरं वाटलं. सासूबाईंचे गुडघे आता कसे आहेत? इकडे आईबाबा ठीक. दीक्षाभूमीच्या गर्दीत बाबांची चप्पल हरवली आणि ते अनवाणी चालत घरी आले, ही आमच्याकडची मोठी बातमी. दिवाळी आली तरी इथलं ऊन काही हटायला तयार नाही. तुझ्याकडे आत्तापर्यंत चकल्या तळून झाल्या असतील.

माझ्या लग्नाची तारीख विचारलीस, आणि साडी घेऊन ठेवलीय म्हणून लिहिलंस. त्याबद्दल नंतर लिहिते. आधी तुझ्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल लिहायचं आहे. ते लिहिल्याशिवाय मला बाकीचं काही सुचणार नाही.

तू लिहिलंस, "प्रेमिला, कार्डांचं झालं गेलं आता विसर. त्यात कुणाचं मोठं नुकसान तर झालं नाही ना."

हे मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. तव्यावरची पोळी करपली. आईनं विचारलं, "कोणाचं पत्र वं?" मी म्हटलं, चारूचं. आईला तू आवडतेस, तुला ठाऊक आहे. ती म्हणाली, "मंग चेहरा असा काहून करून राहिली?" मी पोळी उलटली. दुसरं काय करणार होते.

चारू, तू सहा महिन्यांत सगळं विसरलीस असं तुझ्या पत्रावरून दिसतं. म्हणून मी पहिल्यापासून लिहिते. वाचताना कंटाळा आला तरी वाच.

आपण दोघी एकाच दिवशी त्या केंद्रात लागलो. कम्प्युटरचा कोर्स एकाच वर्गात केला, एकाच बाकावर. तुला माझ्यापेक्षा जास्त येत होतं आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. सिकलसेलच्या सर्व्हेची सगळी माहिती आपल्या मशीनवर चढवायची होती. कोणाचं रक्त तपासलं, त्याचं नाव, वस्ती, वय, आणि रिपोर्ट काय आला. एवढी माणसं एका डिस्क पॅकमध्ये मावत नव्हती, म्हणून ती पाच पॅकांवर पसरवली होती, नावं एकीकडे, रिपोर्ट दुसरीकडे, आणि दोन्ही जोडणारा फक्त क्रमांक. नक्कल काढून ठेवायची तर तीही पाच पॅकांची. तू त्या पॅकांना डबे म्हणायचीस. प्लास्टिकच्या झाकणाखाली एकावर एक ठेवलेल्या थाळ्या, आणि वर धरायला कडी. कपाटात दोन संच असायचे. एक मार्चमधला जुना आणि एक एप्रिलमधला नवा.

दोन्हींत फरक काय होता हे तुला मी सांगावं, याचीच मला शरम वाटते. मधल्या काळात सुटलेल्या वस्त्या आपण यादीत मध्येच घुसवल्या होत्या. त्यामुळे पुढच्या सगळ्या माणसांचे क्रमांक सरकले. जुन्या संचात जो क्रमांक एका बाईचा, तोच नव्या संचात दुसऱ्याच माणसाचा. म्हणून तूच नियम केलास आणि तुझ्या त्या वळणदार अक्षरात कपाटावर चिकटवलास, की एका संचातला पॅक दुसऱ्या संचात कधीही मिसळायचा नाही.

मग दिल्लीचे पाहुणे यायचे होते. वझलवार साहेबांना त्यांना विदर्भाचा नकाशा छापून दाखवायचा होता आणि रिकामा पॅक नव्हता. संचालकांना रिकामा पॅक मिळत नाही म्हणजे काय, असा त्यांचा चेहरा झाला होता. नव्या संचातला तिसरा पॅक त्यांनी स्वतःच्या हातानं काढला आणि म्हणाले, "याच्यावर टाका."

"सर, संच मोडतो," असं तू म्हणालीस. मी नाही. तू.

ते म्हणाले, "दोन संच आहेत ना? एकात नसलं तर दुसऱ्यात सापडेल."

नकाशा छापला गेला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सक्करद्यापासून कामठीपर्यंतच्या वस्त्यांचे रिपोर्ट त्या पॅकवरून पुसले गेले. पुन्हा नक्कल काढू दे म्हणून आपण मागे लागलो, तर मशीन साहेबांच्या दुसऱ्या कामांना लावलेलं. मे महिना आला. मशीन रूमचा एसी बंद पडला, दुरुस्तीचा माणूस आलाच नाही, आणि आपण बादलीत बर्फ ठेवून पंखा लावून बसलो होतो. मग तो आवाज झाला. पत्र्यावर खिळा घासल्यासारखा. चालू डिस्क गेली, आणि तिच्यावरची सगळी माहितीही. तू माझा हात धरला होतास आणि तुझी नखं माझ्या मनगटात रुतली होती.

त्यानंतर करण्यासारखी एकच सरळ गोष्ट होती. पाचही पॅक जुन्या संचातले घ्यायचे आणि मार्चनंतरची माणसं फॉर्मांवरून पुन्हा चढवायची. फॉर्म गोदामात होते. दोन-तीन महिने लागले असते, एवढंच. पण कार्डवाटपाचा समारंभ जुलैत ठरला होता आणि मंत्र्यांची तारीख मिळाली होती. साहेब म्हणाले, चार पॅक नवे घ्या आणि तिसरा जुना घ्या. मशीननं कुरकुर न करता ते घेतलं. मशीनला काय, पॅक बसला की झालं.

कामठीच्या वस्तीचा कागद छापून निघाला तो तू वाचलास. धोंडबा नावाचा म्हातारा, वय बासष्ट, आणि पुढे "गरोदर, पाचवा महिना". तू मोठ्यानं वाचलंस आणि आपण दोघी पोट धरून हसलो. मग तू हसायची थांबलीस. तुझा चेहरा पांढरा पडला. मला समजायच्या आधी तुला समजलं होतं. तू म्हणालीस, "प्रेमिला, याचा गरोदरपणा चुकला तर लोक हसतील. पण याचं रक्त कोणाच्या नावावर गेलं असेल?"

हे तुझे शब्द आहेत. मी एकही बदललेला नाही.

आपण दोघी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "गरोदरपणाचा रकाना गाळून टाका. कार्डावर तो छापायचाच नाही." मी म्हटलं, सर, रिपोर्टही सरकलेत. ते म्हणाले, "मिस गोंडाणे, दहातली नऊ बरोबर असतील."

मी विचारलं, "कुठली नऊ, सर?"

त्यांना राग आला. म्हणाले, "हे सगळं तुमच्याच लोकांसाठी चाललंय आणि तुम्हीच आडव्या येता? तुमच्या लोकांचं भलं तुम्हालाच बघवत नाही."

तुमचे लोक. हा आजार आमच्यात आहे तसा इतरांतही आहे, हे त्या साहेबाला माझ्याहून चांगलं माहीत होतं. वस्तीत कोणी बाही वर करेना तेव्हा पहिली बाही मी वर केली होती, आईबाबांना रांगेत उभं केलं होतं, शेजारणींना हाताला धरून आणलं होतं. त्या रक्ताची बेरीज साहेबांच्या भाषणात गेली आणि आडवी येणारी मी ठरले. मी तुझ्याकडे पाहिलं. तू फरशीकडे पाहत होतीस.

पडताळणीच्या कागदावर मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी तो कागद तुझ्यापुढे गेला आणि तू केलीस. आता तू लिहितेस, कृष्णकांतांच्या बदलीची ऑर्डर साहेबांच्या हातात होती, बाळ लहान होतं, तुझा नाइलाज झाला. असेल. मी तुझ्या जागी नव्हते. पण तू सही केलीस आणि संध्याकाळी माझ्यासोबत बसस्टॉपवर उभी राहून सांबारवडीची कृती सांगत राहिलीस. सहीबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. मला ती कागदावर दिसली, चार दिवसांनी.

कामठीच्या शाळेच्या मैदानात मांडव उभा राहिला आणि कार्डं वाटली गेली. पांढरं कार्ड म्हणजे काही नाही. अर्धं पिवळं म्हणजे स्वतःला त्रास नाही पण दोष रक्तात आहे, लग्न जुळवताना समोरचं कार्ड पाहा. पूर्ण पिवळं म्हणजे आजार. बायका पदरात कार्ड बांधून घरी गेल्या. प्रत्येक कार्डाच्या मागे पडताळणी अधिकाऱ्याची सही छापलेली होती. चारुशीला, आणि खाली ती छोटीशी रेघ.

मी तक्रार लिहून दिली. मला मशीन रूममधून काढलं आणि गोदामात चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. मी तिकडे जाऊ नये म्हणून कपाटाची किल्ली साहेबांच्या खोलीत गेली. मी हे तुला कळवलं नाही, कारण तेव्हा तू सामान बांधत होतीस आणि तुझ्याशी बोलायची मला इच्छा नव्हती.

आता लग्नाचं.

माझ्या घरी अर्धं पिवळं कार्ड आलं. माझं. मी हसले. हे खोटं आहे हे मला माहीतच होतं, कामठीपर्यंतची सगळीच कार्डं सरकलेली. मी ते फळीवर ठेवून दिलं. पण रवींद्रच्या घरी कोणीतरी ही गोष्ट पोचवली आणि त्याची आई, सिंधूताई, दोन बायकांना घेऊन आमच्याकडे आली. साखरपुड्यात मला जवळ घेऊन बसलेली बाई. या वेळी ती पाण्याचा पेला हातात न घेता बोलली. "बाई, आमाले नातवंडं चांगले पायजेत. राग नको मानू."

मी तिला सगळं सांगितलं. पॅक, संच, धोंडबा. ती ऐकत होती की नाही कोणास ठाऊक. मी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जाऊन पुन्हा रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट साफ आला. तो घेऊन मी बाबांसोबत कामठीला गेले. सिंधूताईनं कागद दारातच पाहिला आणि म्हणाली, "तू त्याच कामात हायेस. असा कागद तुले कुठंबी भेटते."

रवींद्र आत बसला होता. हिंगण्याहून ड्यूटी संपवून नुकताच आलेला, कंपनीचा शर्ट अंगावर. मी त्याला विचारलं, तुला काय वाटतं? त्यानं पायातले बूट काढून बाजूला ठेवले. मग म्हणाला, "मी काय सांगू गा मामाजी?" मला नाही, बाबांना. "सहीशिक्क्याचं कार्ड हाये ते. सरकारी माणसानं पाहून सही केली असंन ना."

चारू, ज्या माणसासोबत मी वर्षभर सक्करद्याच्या तलावावर फिरायला गेले, त्यानं माझा शब्द आणि तुझी सही तोलून पाहिली, आणि तुझी सही जड भरली.

तुझी साडी कुणाला तरी देऊन टाक.

हे लिहायचं नव्हतं. माझं लग्न मोडलं म्हणून मी चिडले आहे असं तुला वाटेल, आणि मग बाकीचं सगळं तू त्याच खात्यात टाकशील. तसं करू नकोस. माझं मोडलं ते मोडलं. आज लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे.

रवींद्रचं दुसरीकडे जमलं आहे. मुलगी कामठीचीच, नाव इंदू. तिचे वडील देवाजी, पॉवरलूमवर असतात. पुढच्या महिन्याच्या शेवटी लग्न. त्याचं कार्ड पांढरं, तिचंही पांढरं. दोन्ही कार्डं त्याच तिसऱ्या पॅकमधली. त्यांचं खरं काय आहे ते मला माहीत नाही, तुला नाही, साहेबांना नाही, कुणालाच नाही. दोघांच्याही रक्तात दोष निघाला तर त्यांच्या पोरांचं काय होईल ते तू सर्व्हेत पाहिलं आहेस. हातापायांच्या सांध्यात कळा येऊन रात्रंदिवस रडणारी पोरं तू पाहिली आहेस. तू एकदा घरी जाऊन जेवली नव्हतीस.

म्हणून मी देवाजीकडे गेले. एकटी. मागांचा आवाज इतका, की मला ओरडून सांगावं लागलं. लग्नाआधी दोघांचं रक्त पुन्हा तपासा, बाकी मला काही नको. त्यांनी माग थांबवला आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात विचारलं, "तूच ना ते, रवींद्रनं सोडलेली? आमच्या पोरीचं चांगलं होऊन राहिलं ते तुले पाहवत नाही काय?" बाजूच्या मागावरचे लोक हसले. मी बाहेर आले. दारात एक बारीक मुलगी उभी होती. तीच इंदू असणार. ती माझ्याकडे काही वेळ पाहत राहिली.

आता तू सांग, कुणाचं नुकसान झालं नाही?

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. मी कितीही बोलले तरी मी सोडलेली बाई आहे आणि चिठ्ठ्या चिकटवणारी आहे. पण ज्या सहीवर सगळे विश्वास ठेवतात ती तुझी आहे. तेव्हा तूच लिहून दे की पॅक मिसळले होते, तुला ते माहीत होतं, आणि ही कार्डं धरून कुणी लग्न जुळवू नये. संचालकांना पाठव आणि वरच्या खात्यालाही पाठव. कृष्णकांतांना अडचण होईल, मला कळतं. तरीही लिही.

तुझी, असं खाली लिहायला हात धजत नाही. पत्ता मात्र जुनाच आहे.

प्रेमिला


सक्करदरा, नागपूर
१३ डिसेंबर १९८७

प्रिय चारू,

सप्रेम जयभीम. इकडे थंडी पडली आहे. आईला खोकला आहे, बाकी ठीक. तुझं रजिस्टर्ड पत्र आणि निवेदनाची प्रत मिळाली. उत्तराला उशीर झाला, कारण मधल्या दिवसांत घरात बसायला सवड मिळाली नाही. झालं ते सांगते.

तुला पहिलं पत्र टाकलं त्यानंतर आठवड्याभरानं इंदू माझ्याकडे आली. बांगड्या भरायला जाते असं घरी सांगून, कामठीहून शेअर ऑटोनं. आईनं तिला चहा दिला. तिनं कप दोन्ही हातांनी धरला होता, बोटांना शेक मिळावा म्हणून, आणि बोटांचे सांधे सुजलेले होते.

ती म्हणाली, "बाई, तुमी बाबाले सांगत होत्या ते मी आयकलं. मले एक इचारायचं हाये. माहे हातपाय लहानपणापासून दुखतेत. थंडीत तं उठताबी येत नाई. मंग माहं कार्ड पांढरं कसं?"

मी तिला तेव्हाच का नाही विचारलंस म्हणून विचारलं. ती हसली. म्हणाली, "पांढरं आलं तवा मले वाटलं, मी बरी झाली. आईनं पेढे वाटले. मंग दुखलं तरी मी सांगतच नव्हती. कार्ड पांढरं हाये, दुखते कसं म्हणू? दवाखान्यातबी कार्ड दाखवलं तं डॉक्टर म्हणे, काई नाई, वाताचं हाये."

चारू, तिनं तीन-चार महिने दुखणं लपवलं. औषध नाही, रजा नाही, आईला कळू द्यायचं नाही. सरकारनं बरी आहेस म्हणून लिहून दिलं होतं ना.

मी तिला तशीच मेडिकलला घेऊन गेले. रिपोर्ट काय आला ते तुला वेगळं सांगायला नको. पूर्ण पिवळं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी तिला गोळ्या दिल्या, पाणी भरपूर पी म्हणाल्या, थंडीत अंग उघडं टाकू नको, ताप आला की लगेच ये. इंदूनं सगळं नीट ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हणजे मी खोटं दुखत नव्हती." आणि मग रडली. मीही रडले, पण मला त्या वेळी कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता, हेही खरं.

तिनं घरी सांगितलं. देवाजी दुसऱ्या दिवशी आमच्या दारात आले. आत आले नाहीत. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि बाबांना म्हणाले, "दादा, तुमच्या पोरीले मी लई बोललो. मागाजवळ लोकं होते. आता त्याच लोकाईसमोर येतो मी." आणि ते खरंच गेले. कामठीची पंधरावीस माणसं घेऊन केंद्राच्या पायऱ्यांवर बसले, बायका पदरातली कार्डं काढून बसल्या. वझलवार साहेब म्हणाले, प्रयोगशाळेत एखाद्याचा रिपोर्ट चुकतो, एवढ्यावरून सगळं खोटं म्हणता येणार नाही, आमच्याकडे पडताळणीचा कागद आहे.

त्याच आठवड्यात तुझं निवेदन पोचलं. साहेबांकडे एक आणि वरच्या खात्याकडे एक. त्यानंतर त्यांचा पडताळणीचा कागद निकामी झाला. हे मी कबूल करते. तुझ्या कागदाशिवाय आम्ही अजून पायऱ्यांवरच बसलो असतो.

कार्डं परत मागवली आहेत. नोटीस लागली आहे. तिच्यात लिहिलंय, "संगणकातील तांत्रिक दोषामुळे काही कार्डांत तफावत आढळली आहे." मी ती तीनदा वाचली. संगणकातील दोष. त्या मशीननं बिचाऱ्यानं कुणाचा पॅक पुसला नाही, कुणाला तुमचे लोक म्हटलं नाही. संपूर्ण नोटिशीत एकाही माणसाचं नाव नाही. साहेबांची चौकशी होणार म्हणतात. तोवर ते त्याच खुर्चीत आहेत. माझी नेमणूक मार्चनंतर वाढवणार नाहीत असं मला तोंडी सांगितलं आहे. कपाटाची किल्ली मात्र माझ्याकडे परत आली. मी जुना संच, पाचही पॅक, मशीनवर चढवला आहे आणि गोदामातल्या फॉर्मांवरून एकेक माणूस पुन्हा भरते आहे. मार्चपर्यंत जेवढी होतील तेवढी.

रवींद्रनंही रक्त तपासून घेतलं. त्याचं अर्धं पिवळं निघालं. इंदूच्या घरच्यांनी लग्न मोडलं, आणि सिंधूताई मिठाईचा डबा घेऊन पुन्हा आमच्याकडे आली. माझं पांढरं आहे, तेव्हा आता काही अडचण नाही म्हणाली. तो मागे उभा होता. या वेळी माझ्याकडे पाहून बोलला, "चूक झाली, प्रेमिला. मले काय माहीत होतं?"

मी म्हटलं, "तुला मी सांगितलं होतं."

त्याला राग आला नाही. वाईट वाटलं असावं. त्याच्या रक्ताबद्दल माझ्या मनात काही नाही आणि तेही मी त्याला सांगितलं. पण मी खोटा कागद आणला असं त्याच्या घरात कुणी म्हटलं तेव्हा तो बसूनच राहिला होता. त्यांना चहा देऊन मी डबा परत दिला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबा म्हणाले, "राहू दे. पोरगी बरोबर बोलली."

आता तुझ्या पत्राबद्दल. निवेदन पाठवल्यावर कृष्णकांत तुझ्याशी बोलत नाहीत, सासरे माहेरी जा म्हणाले, हे वाचून मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. ते लिहिणं तुला सोपं गेलं नसेल. तू लिहिलंस, "आता तरी माझ्यावरचा राग गेला ना? मला माफ केलंस एवढं एका ओळीत लिही, म्हणजे मला झोप लागेल."

मी चार दिवस ती ओळ लिहायचा प्रयत्न केला. होत नाही. राग गेला नाही, चारू. कमी झाला आहे. तुझा हात धरून रडावंसं वाटतं आणि त्याच वेळी तुझ्या तोंडावर विचारावंसं वाटतं की मे महिन्यात का नाही. दोन्ही खरं आहे. मैत्रीण म्हणून मला तू हवी आहेस, त्याचं काय करायचं ते आपण भेटू तेव्हा पाहू.

पण माफी माझ्याकडे नाही. माझं एक लग्न गेलं, आणि त्याचं आता मला फारसं वाटत नाही. जिनं पेढे वाटलेले पाहून दुखणं गिळलं, तिच्याकडे माग. तिला तुझं नाव ठाऊक आहे, कार्डाच्या मागे वाचलं होतं. एकदा मला विचारलं, "ह्या चारुशीला कोण व्हय बाई?" मी म्हटलं, माझी मैत्रीण. तिनं सहीवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "अक्षर चांगलं हाये."

ती सातवीपर्यंत शिकली आहे, सोपं लिही. सरकारी शब्द घालू नकोस. नाइलाज झाला हे लिहू नकोस. काय झालं तेवढं लिही. उत्तर देईल की नाही ते मी सांगू शकत नाही.

इंदू देवाजी रंगारी,
पॉवरलूमच्या मागची चाळ, बुद्धविहाराजवळ,
कामठी, जि. नागपूर.

तिला लिहून झालं की मग मला लिही. वाट पाहते.

प्रेमिला